ऋतूचं आतडं आणि उपनगरातले पंधरा दिवस

परत आल्यापासून शाळेत सगळे विचारतात, "काय बाई, मुंबई कशी वाटली?" मी सांगते, बरी. तेवढ्यावर सुटका होत नाही. कुडाळच्या माणसाला मुंबईचं सगळं ऐकायचं असतं, कोण भेटलं, काय खाल्लं, कुठे कुठे फिरलात. तर ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी, आणि माझं तोंड बघून ज्यांनी विचारायचं टाळलं त्यांच्यासाठीही, हे लिहिते आहे.

याआधी चार-पाचदा मी मुंबईला गेले, ती लग्नांना आणि बारशांना. या खेपेला अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, वर्सोवा आणि मुलुंड एवढं पाहिलं, आणि ते सगळं एका आतड्यासाठी. माझी मुलगी ऋतुजा, वय सव्वीस, अंधेरीला नोकरी करते. चार वर्षांपासून तिला मोठ्या आतड्याचा दाह आहे, डॉक्टरी भाषेत अल्सरेटिव्ह कोलायटिस. गावात मी "पोटाचं जरा चालू आहे" एवढंच सांगत आले. या आजारात आपल्याच पांढऱ्या पेशी आपल्याच आतड्याला भाजून काढतात. जखमा होतात, रक्त पडतं, दिवसातून पंधरा-पंधरा वेळा धावावं लागतं. ते आतडं ठेवता येईल की काढून टाकावं लागेल, हे ठरायचं होतं, म्हणून मी गेले होते.

अंधेरी

आमच्याकडून सुटणाऱ्या खासगी बसगाड्या सकाळी अंधेरीला हायवेवर थांबतात तेव्हा उतरणाऱ्यांपेक्षा वाट बघणारेच जास्त असतात. कुणी पायजम्यात, कुणी ऑफिसच्या कपड्यात, सगळे गावाहून येणाऱ्या खोक्यासाठी उभे. खोक्यात कोकम, कुळथाचं पीठ, सुकट, आणि वर मार्करने नाव आणि मोबाइल नंबर. गेली तीन वर्षं असाच खोका मी ऋतूला पाठवत आले. त्यात तिची औषधंही असत, कारण कुडाळचा मेडिकलवाला ओळखीचा. ऋतू विसराळू म्हणून गोळ्या पाकिटातून काढून वारांची नावं लिहिलेल्या प्लास्टिकच्या डब्यांत मीच भरायची. शेजारपाजारच्या बायका म्हणत, आई असावी तर अशी. मला ते आवडायचं.

मला घ्यायला ऋतू आली नव्हती. तिची खोलीतली मैत्रीण प्रज्ञा आली होती. ही जालन्याची, विमानतळाजवळ माल पाठवण्याच्या ऑफिसात कामाला, बोलायला फटकळ.

"काकू, बॅग द्या इकडे. आणि तिला बघून रडू नका हां. मी सांगून ठेवते."

"एवढी वाळली?"

"वाट लागलीय तिची. पण तिच्यासमोर झकास म्हणायचं."

मरोळला चौथ्या मजल्यावरच्या खोलीत ऋतू दार उघडून उभी होती. तिच्या मनगटाची हाडं मला दारातूनच दिसली. मी झकास म्हटलं नाही, रडलेही नाही. पेज करायला घेतली. ती वाटीभर पेज तिने तीन वेळा उठून जाऊन संपवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या डॉक्टरांकडे निघालो. अंतर रिक्षाने पंचवीस मिनिटांचं, पण ऋतू त्याची तयारी करत होती जणू घाट चढायचा आहे. मला अंधेरी म्हणजे दुकानं, पूल, होर्डिंग दिसत होती. तिचा नकाशा वेगळा होता. "हा पेट्रोलपंप चालतो. या उडुप्याकडे काउंटरवरचे अण्णा काही बोलत नाहीत, चहा नाही घेतला तरी. मॉल अकराला उघडतो, त्याआधी उपयोग नाही. मेट्रोत आहे, पण जिने उतरेपर्यंत माझं काही खरं नसतं." चार वर्षं मुंबईत राहून माझ्या मुलीला शहराची हीच ठिकाणं तोंडपाठ झाली होती. आमच्याकडे कुणाच्याही परसात जाऊन "जरा मोरी वापरते गो" म्हणता येतं, आणि त्या सोयीचं मोल मला कधी कळलंच नव्हतं.

डॉक्टर चाळिशीचे, भराभर बोलणारे पण माणूस चांगला. ऋतूला दर आठ आठवड्यांनी सलाइनमधून एक औषध देत होते. पांढऱ्या पेशी एकमेकींना आग लावायचा जो निरोप देतात, तो निरोप हे औषध मध्येच पकडतं. सुरुवातीचं वर्षभर ऋतूला त्याने एवढं बरं वाटलं होतं की दिवाळीत घरी येऊन तिने वडे खाल्ले होते. मग हळूहळू रक्त पुन्हा सुरू झालं.

"रिपोर्ट आलाय," डॉक्टर म्हणाले. "औषध रक्तात जवळजवळ शून्य. आणि औषधाविरुद्ध ॲन्टिबॉडी भरपूर."

मी विचारलं, "म्हणजे?"

"हे औषध म्हणजे एक प्रथिन आहे, बाहेर बनवलेलं. शरीराला ते परकं वाटू शकतं. मग पेशी त्याच्याविरुद्ध ॲन्टिबॉडी तयार करतात आणि ते पोचायच्या आत संपवतात. तसं होऊ नये म्हणूनच सोबत ती पिवळी गोळी असते, पेशींना जरा दाबून ठेवणारी. म्हणूनच मला आश्चर्य वाटतंय. ऋतुजा, गोळी नियमित घेत होतीस ना?"

"एकही दिवस चुकवला नाही डॉक्टर. आई डबे भरून पाठवते. तिलाच विचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

आता ते सांगायलाच हवं. ऋतूचे बाबा तापाच्या साथीत गेले, आठ दिवसांत, आणि दवाखान्याच्या दारातूनसुद्धा मला दिसले नाहीत. त्यानंतर आमच्या घरात प्रतिकारशक्ती या एका शब्दाशिवाय दुसरं बोलणं राहिलं नाही. कुंपणावर गुळवेल चढवली, काढे केले, पावडरी मागवल्या. ऋतूला पाठवलेला काढा ती बेसिनमध्ये ओतायची. "आई, मला वाढवायची नाहीये गं, कमी करायचीय," असं फोनवर सांगायची. मग एकदा तिच्या रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी कमी आल्या. डॉक्टर म्हणाले चालेल, लक्ष ठेवू. मला चाललं नाही. सव्वीस वर्षं मी मुलांच्या वहीत "पांढऱ्या पेशी शरीराच्या सैनिक आहेत" या वाक्यावर बरोबरची खूण करत आले आहे. लेकीचे सैनिक कमी होताना बघत बसायचं, आणि ते कमी करणारी गोळी आपल्याच हाताने डब्यात भरायची, हे मला जमेना. ती गोळी फिक्कट पिवळी होती. फॉलिक ॲसिडची गोळीही पिवळी असते, थोडी लहान. पुढचे सात महिने मी डब्यांत पहिलीच्या जागी ही भरली.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांसमोर बसूनही सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणाले, आतड्याची अवस्था वाईट आहे, शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल. एकच शक्यता उरते. कधी कधी अशा आतड्यात एखादा विषाणू शिरलेला असतो आणि तोच आग भडकवत ठेवतो. तो सापडला तर त्याला मारणारं औषध आहे, मग आतडं वाचू शकतं. ऋतूच्या आतड्याचे तुकडे मागच्याच आठवड्यात दुर्बीण घालून घेतले होते आणि घाटकोपरच्या लॅबमध्ये तपासले होते. ते बोरिवलीच्या एका जुन्या, फार अनुभवी डॉक्टरबाईंना दाखवायचे असं ठरलं.

घाटकोपर

मला वाटलं होतं कॉम्प्युटरवरून पाठवतील. तसं नसतं. काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा नातेवाइकांनीच एका लॅबमधून घ्यायचा आणि दुसरीकडे नेऊन द्यायचा. म्हणून मंगळवारी मी एकटी मेट्रोने घाटकोपरला गेले. शाळेच्या सहलीत चाळीस मुलं सांभाळलेली बाई, पण त्या स्टेशनाबाहेर मी भांबावून गेले. पाट्या गुजरातीत, फरसाणाचा वास, साडीवाले हाका मारतायत, आणि सगळी दुनिया कुठेतरी पोचायच्या घाईत.

लॅबच्या खिडकीतल्या मुलीने रजिस्टरवर सही घेतली आणि एक पाकीट पुढे केलं. आत सहा काचपट्ट्या आणि प्लास्टिकच्या जाळीत बसवलेला मेणाचा ठोकळा, अंगठ्याच्या पेराएवढा. मेणात तिळाएवढे करडे ठिपके.

"ह्यात काय आहे?"

"तोच पेशंट आहे काकू. टिश्यू. उन्हात नका ठेवू, मेण मऊ होतं. आणि हरवू नका."

मी ते पाकीट ओल्या रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवलं. दाबेली घ्यावी असं येताना मनात होतं, ते राहिलं. लेकीला पिशवीत घालून खात उभं राहायचं कसं?

परतताना मेट्रोच्या दारात बॅगा तपासायच्या यंत्राशी माझं भांडण झालं. पिशवी आत टाका, म्हणाली तिथली पोलीस बाई. मी टाकेना. मागे रांग कुरकुरायला लागली.

"काकी, काय आहे काय त्याच्यात?"

"मुलगी आहे," असं मी म्हणून गेले.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, पाकीट उघडून बघितलं, वरचं लॅबचं नाव वाचलं आणि हातानेच बाजूने जाऊ दिलं. "बसा तिकडे, पाणी प्या," म्हणाली. मी बसले नाही, पण तिचं ते बोलणं लक्षात राहिलं आहे. खोलीवर गेल्यावर पाकीट फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवलं. ऋतू म्हणाली, "आई, त्यावर झाकण ठेव गं, प्रज्ञा काहीही खाते." आम्ही तिघी हसलो. त्या पंधरा दिवसांत तिघी एकत्र हसल्याचं तेवढं एकच आठवतं.

आरे आणि बोरिवली

बुधवारी मरोळहून बस पकडली. ही बस आरे कॉलनीतून जाते. पाच मिनिटांत इमारती संपतात आणि झाडं सुरू होतात. रस्ता वळणांचा, दोन्ही बाजूंनी फांद्या, मध्येच म्हशींचे गोठे, शेणाचा वास, एका पाड्याजवळ भाजी विकणारी बाई. क्षणभर वाटलं, आंबोली घाटाच्या बाजूला कुठेतरी चाललोय. शेजारची बाई सांगत होती, इथे बिबट्या येतो, परवाच कुत्रं नेलं. बाकी बस सवयीने ऐकत होती. एरवी मी खिडकीतून मान काढून झाडांची नावं सांगत बसले असते. त्या दिवशी पिशवी मांडीवर धरून मी एकच गोष्ट मागत होते, विषाणू सापडू दे. मुलांना विषाणूंपासून हात धुवायला शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि माझ्या लेकीच्या आतड्यात एक तरी असू दे, अशी भीक मी आरेच्या जंगलातून मागत गेले.

डॉक्टर करंबेळकरबाई सत्तरीच्या. बोरिवली पश्चिमेला जुन्या सोसायटीत तळमजल्यावर त्यांची छोटी लॅब. मी विज्ञानाची शिक्षिका आहे कळल्यावर म्हणाल्या, "मग बाहेर कशाला बसता? या आत, दोघी मिळून बघू." त्यांच्याकडे दोघांना एकाच वेळी बघता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. आमच्या शाळेत एक आहे, त्याचा आरसा फुटलेला. मी डोळा लावला.

गुलाबी कापडावर जांभळे ठिपके सांडावेत तसं दिसलं. बाई शांतपणे सांगत गेल्या. निरोगी आतड्याच्या अस्तरात बारीक नळ्या असतात, स्टँडमध्ये चाचणीनळ्या लावून ठेवाव्यात तशा सरळ. इथे त्या वाकड्या झाल्या होत्या, फाटे फुटले होते, काही नव्हत्याच.

"हे नळीत घुसलेले दिसतायत? न्यूट्रोफिल. जखम झाली की पहिल्यांदा धावत येतात, काम करतात आणि मरतात. इथे त्यांना येतच राहा म्हणून निरोप मिळतोय. आता ह्या खाली दाटीने बसल्यात त्या प्लाझ्मा पेशी, ॲन्टिबॉडी बनवणाऱ्या. आणि हे लहान, गोल, गडद, हे लिंफोसाइट. त्यांच्यातलेच काही इतरांना आवरायचं काम करतात. बास झालं, घरी जा, असं सांगणारे. ते इथे कमी पडले."

"हे लढतायत कोणाशी?"

"तसं पाहिलं तर कोणाशीच नाही. आतड्यात नेहमीचेच जंतू असतात, तुमच्या-माझ्याही. त्यांच्याशी जन्मभर जमवून घ्यायचं असतं. हिच्या पेशींना ते जमत नाही."

"आणि विषाणू?"

त्या बराच वेळ पट्ट्या बदलत राहिल्या. एक, दोन, सहाही. ठोकळ्यातून आणखी काप काढून खास रंग देऊनही बघायला लागेल, म्हणाल्या, पण त्या पुन्हा पुन्हा बघत होत्या तेव्हाच मला समजलं. विषाणू असता तर पेशीच्या आत घुबडाच्या डोळ्यासारखा दिसला असता. तसं काही नव्हतं. "सगळे आपलेच आहेत हो," त्या म्हणाल्या.

तिथे माझा बांध फुटला. लेकीला न सांगितलेलं, तिच्या डॉक्टरांना न सांगितलेलं, ते मी अर्ध्या तासाच्या ओळखीच्या बाईला सांगितलं. गोळी, डबे, सात महिने, सगळं. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्हाला वाटलं पेशी कमी झाल्या तर पोरगी उघड्यावर पडेल."

"हो."

"आणि ज्या पेशींना ती गोळी आवरत होती, त्यांनी औषधच खाऊन टाकलं. तिच्या डॉक्टरांना सांगा. मला सांगून काय उपयोग?"

मला तेव्हा कुणीतरी रागावायला हवं होतं. त्यांनी चहा दिला.

वर्सोवा

गुरुवारी सकाळी खास रंगाचाही निरोप आला, विषाणू नाही. मी बाजारात जाते सांगून एकटीच डॉक्टरांकडे गेले आणि सगळं बोलले. मी विचारलं, गोळी चालू असती तर?

"तर औषध कदाचित अजून चाललं असतं. शक्यता चांगली होती. खात्री कुणी देऊ शकत नाही."

"आता पुन्हा सुरू केली तर?"

"उशीर झाला. एवढ्या ॲन्टिबॉडी असताना ते औषध परत देण्यात अर्थ नाही, धोकाच आहे. दुसरी औषधं आहेत, पण त्यांना काम करायला आठवडे लागतात. तिचं रक्त किती कमी आहे, आतडं किती पातळ झालंय, तुम्ही पाहिलंय. ते फाटलं तर जीवावर बेतेल. उद्या मुलुंडला भरती करू." मग म्हणाले, "तिला तुम्ही सांगा. सही करायच्या आधी. तिचा हक्क आहे. तुम्ही नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल."

दुपारी ऋतू म्हणाली, "आई, वर्सोव्याला जाऊ या? ॲडमिट झाल्यावर किती दिवस समुद्र दिसणार नाही." मला वाटलं, बरं झालं, तिथेच सांगीन.

वर्सोव्याचा कोळीवाडा बघून मला आपल्या किनाऱ्याची आठवण झाली आणि झाली नाहीही. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, होड्या, जाळी शिवणारे म्हातारे, हे सगळं तसंच. पण मागे वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या, आणि खाडीचं पाणी काळं. पलीकडे मढला जाणारी फेरी माणसं आणि मोटरसायकली घेऊन निघाली होती. ऋतू बघत उभी होती आणि मी पहिलं वाक्य जुळवत होते. तेवढ्यात तिने माझा हात घट्ट धरला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, इथे माझ्या माहितीचं काहीच नाहीये."

मासळी निवडत बसलेली एक कोळीण आमच्याकडे बघत होती. काही विचारलंसुद्धा नाही तिने. हात झटकून उठली. "ये गो बाय, लाजू नको. घर हितंच हाय." ऋतू तिच्यामागून जवळजवळ धावत गेली. मी उंबऱ्याशी थांबले. कोळीण बाहेर आली आणि मला खालून वर न्याहाळून म्हणाली, "पोरगी सुकली गो तुजी. काय घालतंस तिला खायला?"

तिने ते मायेनेच विचारलं होतं. मला उत्तर माहीत होतं.

ऋतू बाहेर आल्यावर आम्ही एका उलट्या होडीवर बसलो. ती दमली होती, तरी मलाच समजावत होती. "ऑपरेशन झालं तर पोटावर शौचाची पिशवी लावतात, पण हे पळणं तरी संपेल. प्रज्ञाने व्हिडिओ बघितलेत. बायका त्या पिशवीसकट पोहतातसुद्धा. तू घाबरू नको हां. तू माझ्यासाठी एवढं केलंस, तरी नाही टिकलं, तर त्याला आपण काय करणार?"

जुळवलेलं वाक्य मी तिथेच सोडून दिलं. मी तिचे केस नीट केले. भेकड होते, दुसरं काही नाही. सूर्य खाली जाईपर्यंत आम्ही बसलो आणि मग रिक्षा केली.

मुलुंड

मुलुंडचं हॉस्पिटल मोठं होतं. खिडकीतून पलीकडे डोंगर आणि हिरवं रान दिसत होतं. एरवी मी त्याचं कौतुक केलं असतं. शुक्रवारी दुपारी एक सिस्टर संमतीचा कागद ठेवून गेली, दहा मिनिटांनी येते म्हणाली. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी सांगितलं. विज्ञानाच्या बाईसारखं, क्रमाने, कारणासकट सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला ते तोंडातून काढता आलं नसतं.

ऋतूने पेन खाली ठेवलं.

"किती महिने?"

"सात."

"म्हणजे चार सलाइन." ती बोटांवर मोजत होती. "आई, मी दर वेळी सुट्टी टाकून चार चार तास तिथे बसलेय. सुया टोचून घेतल्यात. डॉक्टरांना छातीठोक सांगितलंय, एकही गोळी चुकवली नाही."

"माका भ्या वाटला गो. तुझे बाबा..."

"बाबांचं नको सांगू. मला विचारलं का नाहीस?"

"तू ऐकलं नसतंस."

"हो. नसतं ऐकलं. माझं पोट आहे ना ते?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागद पुन्हा ओढला, प्रत्येक पान वाचलं आणि सही केली. माझ्याकडे पाहिलं नाही. सिस्टर आली तेव्हा तिला म्हणाली, "नातेवाईक म्हणून फोन नंबर प्रज्ञाचा लिहा."

शनिवारी शस्त्रक्रिया झाली. साडेपाच तास मी आणि प्रज्ञा बाकावर बसून होतो. ऋतूने तिला सगळं सांगितलं होतं. तिने मला कँटीनमधून इडली आणून दिली आणि म्हणाली, "काकू, खा. तुमच्यावर राग आहे मला, पण खा." सर्जन बाहेर आले, सगळं ठीक झालं म्हणाले. काढलेलं आतडं नातेवाइकांनी बघायची पद्धत आहे. "कोण बघणार?" विचारल्यावर मीच पुढे झाले. स्टीलच्या ट्रेमध्ये ते ठेवलं होतं, लाल, सुजलेलं. मी ते पूर्ण बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुणी मला धरलं नव्हतं आणि मी पडलेही नाही.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. ऋतू माझ्याशी बोलायची, पण लागेल तेवढंच. पाणी दे, पडदा ओढ, किती वाजले. डिस्चार्ज झाल्यावर ती प्रज्ञाबरोबर मरोळला गेली आणि मला म्हणाली, "आई, तू जा आता. शाळा आहे तुझी." रविवारी मी गाडीत बसले. तेव्हापासून रोज संध्याकाळी प्रज्ञाचा मेसेज येतो, आज भात खाल्ला, आज गॅलरीत बसली. ऋतूचा येत नाही.

एक प्रसंग मात्र कुणालाही सांगितलेला नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या बुधवारी पिशवीची नर्स आली. केरळची, मराठी अडखळत बोलणारी, चेहऱ्याने हसरी. ऋतूच्या पोटावर आतड्याचं टोक बाहेर काढून शिवलेलं होतं आणि त्यावर पिशवी. ती कशी बदलायची हे घरातल्या एकाने शिकायचं असतं, पहिले काही आठवडे पेशंटला एकटीला जमत नाही. नर्सने खोक्यातून हातमोजे काढले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, या. इकडे उभं राहा."

मी उठले. पदर खोचला.

"आई नको," ऋतू म्हणाली. आवाज शांत होता. "प्रज्ञा शिकेल."

नर्सला काही कळेना. "पण आई आहे ना इथे?"

"आहे. तिने हात लावलेला मला नकोय."

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं, खाली बघितलं आणि हात धुवायला गेली. नर्सने पलंगाभोवतीचा पडदा ओढला. मी पडद्याच्या बाहेर उभी राहिले. आतून नर्सचा आवाज येत होता, एकेक पायरी दोनदा सांगत होती, आणि मी वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीसारखी ऐकत होते. पिशवी वरून खाली सोडवायची, हिसकायची नाही. कातडी कोमट पाण्याने पुसायची, साबण नाही. कोरडं होऊ द्यायचं. भोक मापाचंच कापायचं, मोठं झालं तर कातडी जळते. खालून वर चिकटवायची, आणि मग तळहात ठेवून थोडा वेळ ऊब द्यायची म्हणजे नीट बसते. मला सगळं पाठ आहे. कुणी केव्हाही विचारा, न चुकता सांगेन. माझ्या लेकीने मात्र मला विचारायचं नाही असं ठरवलं आहे, आणि तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.